कोकणातला माठ आणि मिरामारची शर्यत

मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावरचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १८ सप्टेंबर २०१६. ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतींच्या, जागतिक मालिकेतली त्या मोसमातली शेवटची शर्यत. शेवटचे काहीशे मीटर उरलेत आणि सगळ्यांच्या पुढे असलेला ब्रिटनचा जॉनी ब्राउनली एकाएकी झोकांड्या खायला लागतो. मागून आलेला त्याचा थोरला भाऊ ॲलिस्टर, दोन वेळचा ऑलिंपिक विजेता, स्वतःची शर्यत सोडून त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतो, त्याला जवळजवळ ओढत नेतो आणि अंतिम रेषेपलीकडे ढकलून देतो. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन तोवर जिंकलेला असतो.

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर हा व्हिडिओ दर पावसाळा सरताना फिरतो, कारण तेव्हा कुणीतरी गोव्यातल्या ट्रायथलॉनच्या तयारीला लागलेलं असतं. आणि खाली हमखास एक वाक्य येतं : ‘पाणी कमी प्यायला असणार.’ हे वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. पाणी महत्त्वाचं आहेच, पण समुद्रकाठच्या शर्यतीत खरी अडचण घाम येण्याची नसते, घाम न सुकण्याची असते.

आधी शर्यतीबद्दल थोडक्यात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्यांदा ‘आयर्नमॅन ७०.३’ झाली. ७०.३ हे मैल. म्हणजे समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. एकूण ११३ किलोमीटर. १९७८ साली हवाईत १५ जणांनी सुरू केलेल्या मूळ ‘आयर्नमॅन’ शर्यतीच्या हे बरोबर निम्मं. पोहण्याचा सराव, सायकलचं गिअरिंग, बूट यांवर सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते माठाबद्दल.

देशावर किंवा विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी कसं गारेगार लागतं! तोच माठ मालवणात नेऊन ठेवा, पाणी जेमतेम निवतं. नागपूरकरांच्या घरात कूलर सुखाचा, मुंबईत तोच कूलर खोली दमट करून ठेवतो. कुंभाराचं काही चुकलेलं नसतं, फरक हवेत असतो. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. धावणारा माणूस हा असाच पाझरणारा माठ आहे.

दहावीच्या पुस्तकात ‘बाष्पनाचा अप्रकट उष्मा’ शिकलेला आठवतो? एका ग्रॅमला ५४० कॅलरी. तो आकडा उकळत्या पाण्याचा. त्वचेच्या तापमानाला तो आणखी वाढतो, ५८० च्या आसपास. म्हणजे एक लिटर घाम पूर्णपणे उडाला, तर शरीरातून ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. आता दुसरी बाजू बघा. ७० किलोचा माणूस ताशी १० किलोमीटरने धावला, तर तासाला साधारण ७०० किलोकॅलरी खर्च करतो. त्यातल्या पाऊण भागाहून जास्त ऊर्जेची उष्णताच होते. म्हणजे साडेपाचशेच्या वर. हिशोब किती सुरेख जुळतो! ताशी एक लिटर घाम उडाला, की शरीर समतोलात. ही उष्णता बाहेर पडूच शकली नाही, तर तासाभरात शरीराचं तापमान नऊ अंशांनी चढेल. खरं तर तापमानाने चाळीस अंश ओलांडले, की लगेचच मेंदू आणि स्नायू असहकार पुकारायला लागतात. कोझुमेलच्या झोकांड्यांमागे हा हिशोब आहे.

मग घाम उडतो कधी? इथे बहुतेकांची गफलत होते, कारण ते मोबाइलवर ‘आर्द्रता ७० टक्के’ एवढंच वाचतात. टक्का ही सापेक्ष गोष्ट आहे. घामाला त्या टक्क्याशी देणंघेणं नसतं. त्याला कळतो तो बाष्पदाब. ओल्या त्वचेवर, ३५ अंशांना, बाष्पदाब असतो ४२ मिलिमीटर पारा. हवेतल्या वाफेचा दाब यापेक्षा जितका कमी, तितका घाम झपाट्याने उडणार. नागपूरचा मे घ्या : ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. हवेतला बाष्पदाब सुमारे १२, म्हणून उतार, म्हणजे दोन्हींतला फरक, ३० मिलिमीटरचा. मिरामारचा ऑक्टोबर घ्या : ३२ अंश, ७० टक्के. हवेतला बाष्पदाब २५, उतार फक्त १७. दहा अंशांनी कमी तापलेल्या हवेत घामाला वाट मात्र निम्म्याहून थोडीच जास्त मिळते. नागपूरचं ऊन सोपं असं मी म्हणत नाही. तिथली हवा त्वचेपेक्षा गरम असल्याने ती उलट अंग तापवते. पण तिथे माठ चालू असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. टोपीच्या कडेवरून टपटप गळणारा थेंब तुम्हाला काडीचाही गारवा देत नाही. तो वाफ न होताच पडला. शरीराने पाणी दिलं, मीठ दिलं आणि बदल्यात काही मिळालं नाही. म्हणूनच जिममध्ये अंगाला प्लास्टिक गुंडाळून ‘चरबी वितळवणाऱ्यां’ना कळकळीने सांगावंसं वाटतं, की त्यात उतरतं ते पाण्याचं वजन, दोन ग्लास पाणी प्यायलं की ते परत येतं. घामावाटे विषारी द्रव्यं निघून जातात हाही असाच एक विकला जाणारा समज. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करतात.

शर्यतीचे तीन टप्पे आता या नजरेने बघा. पाण्यात घाम उडूच शकत नाही, तिथे शरीर फक्त भोवतालच्या पाण्याला उष्णता देऊन निवतं. कोमट समुद्रात तेही सावकाश. सायकलवर ताशी ३० किलोमीटरचा वारा त्वचेलगतचा दमट थर सतत पुसून नेतो, त्यामुळे घाम दिसतही नाही आणि सगळं छान वाटतं. मग सायकल ठेवून धावायला लागलो, की ऐन दुपारी तो वारा एकतृतीयांश होतो. आणि पाठीमागून ताशी १० किलोमीटरची झुळूक असेल तर हिशोबाने शून्य! आपण आपल्याच वाफेच्या गोधडीत धावत असतो.

मी पुण्याचा. ऑक्टोबरात पहाटे टेकडीखालच्या रस्त्यावर ज्या वेगाला माझी नाडी १४५ असायची, त्याच वेगाला मिरामारला पहिल्या दिवशी ती १६० च्या पुढे गेली आणि तिसऱ्या किलोमीटरला बुटांतून पचक पचक आवाज यायला लागला. त्या दिवशी धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन केलं : ६८.४ आणि ६७.१. मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलो होतो. म्हणजे तासाभरात १.८ लिटर घाम. त्यातला कितीतरी नुसताच गळला होता.

शरीर याच्याशी जुळवून घेतं, आणि मला हा भाग फार आवडतो. उष्ण दमट हवेत रोज तास-दीड तास व्यायाम केला, की पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे हृदयाची धावपळ कमी होते. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे त्यातलं मीठ कमी होत जातं. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बदल पुरे होतात. सराव थांबला की काही आठवड्यांत ओसरतात. म्हणून शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी गोव्यात उतरणाऱ्यांपेक्षा आठवडाभर आधी आलेले निम्मी लढाई जिंकून आलेले असतात.

आणि पाणी? घामात सोडियम रक्ताहून कमी असतं, पण नुसत्या पाण्यात नसतंच म्हटलं तरी चालेल. भीतीपोटी ढसाढसा पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळलं होतं. तहान लागेल तसं प्यावं, आणि मीठ घातलेलं कोकम सरबत त्यात असावं.

शर्यतीच्या दिवशी चौदाव्या किलोमीटरला एका स्वयंसेवक मुलीने ओंजळभर बर्फ पुढे केला. मी तो टोपीखाली ठेवला. वितळताना बर्फ ग्रॅमला ८० कॅलरी घेतो, ५८० च्या मानाने फारच थोड्या. शंभर ग्रॅमचे आठ किलोकॅलरी, जेमतेम एका मिनिटाची उष्णता. पण बर्फाला वितळायला हवा कोरडी असावी लागत नाही. कपाळावरून, मग मानेवरून गार धार उतरली, पाणी-बर्फाच्या पुढच्या टेबलापर्यंत पुरली, आणि तिथे मी पुन्हा टोपी काढली.