दोन मोबाइल एकमेकांना ओळखतात कसे? : पार्श्वभूमी

चवथीला गावच्या घरी सगळे जमले की फोटोंची देवाणघेवाण सुरू होते. गोव्यात सत्तरी किंवा काणकोणच्या ज्या वाड्यांवर रेंज धड मिळत नाही, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर भरवसा ठेवून चालत नाही; मग जवळच्या जवळ, इंटरनेटविना पाठवण्याचे मार्ग आठवतात. या मार्गांचा इतिहास बहुधा वेगाचा म्हणून सांगितला जातो. खरी खटपट मात्र वेगळ्याच प्रश्नावर झाली : समोरचे यंत्र आपल्याला हवे तेच, हे ठरवायचे कसे?

इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने फाइल पाठवण्याच्या काळात हा प्रश्न नव्हता. त्यासाठीची उद्योगसंस्था १९९३ साली स्थापन झाली. दोन हँडसेटच्या काळ्या काचा समोरासमोर, साधारण मीटरभराच्या आत धरायच्या. वेग सेकंदाला ११५.२ किलोबिट, म्हणजे ५ एमबीच्या गाण्याला सहा-सात मिनिटे. हात आडवा राहिला की जोडणी तुटे. पण कोणाला पाठवतो आहोत ते डोळ्यांना दिसत असे.

ब्लूटूथ भिंतीपलीकडेही पोचले आणि ही सोय गेली. स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सनच्या याप हार्टसेन यांनी १९९४ मध्ये त्यावर काम सुरू केले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या. रेडिओ लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ७९ वाहिन्यांत विभागून एकीवरून दुसरीवर सेकंदाला १६०० उड्या मारायच्या, अशी ही रचना. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करणारे नियम जानेवारी २००५ मध्ये आले. वायफाय त्याच पट्ट्यात गर्दी करते, म्हणून २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ब्लूटूथ गजबजलेल्या वाहिन्या टाळू लागले. या लहरी पाणी शोषून घेते. शरीर आडवे आले तरी आवाज तुटतो, आणि जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात भिजल्या की पलीकडच्या खोलीत स्पीकर अडखळतो.

ओळख पटवायला सुरुवातीला पिन होता, आणि हेडसेटवर तो बहुतेकदा ०००० किंवा १२३४. ही ओळख नावापुरतीच. त्यात फोन कायम ‘दृश्य’, म्हणजे कोणालाही सापडेल असा, ठेवायची सवय. २००४ मध्ये ‘काबीर’ नावाचा किडा, म्हणजे एका फोनवरून दुसऱ्यावर जाणारा उपद्रवी प्रोग्राम, सिम्बियन प्रणालीच्या फोनांवर ब्लूटूथनेच पसरला. तो आपोआप शिरत नसे, मालकाने ‘होय’ म्हणावे लागे. पण पुन्हा पुन्हा विचारले की लोक कंटाळून ‘होय’ म्हणत. २००७ च्या २.१ आवृत्तीने जोडणीची पद्धत बदलली. दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसू लागले. ते जुळतात का हे न पाहता ‘पेअर’ दाबले तर सगळा उपद्व्याप फुकट. इअरबडला पडदाच नाही, त्यामुळे तिथे आकड्यांची पडताळणी होत नाही; नवा इअरबड कदंबच्या गजबजलेल्या बसस्टँडवर नव्हे, घरी जोडावा.

जोडणीत ठरलेली किल्ली, म्हणजे ओळखीचा गुप्त आकडा, दोन्हीकडे साठवली जाते. इअरबड रीसेट केल्यावर फोनकडे जुनीच किल्ली उरते आणि ‘जोडता आले नाही’ असा संदेश येतो. अशा वेळी फोनच्या यादीतून ते उपकरण ‘फर्गेट’ करून पहिल्यापासून जोडायचे.

एनएफसी या अगदी जवळून जोडणाऱ्या रेडिओ तंत्राने उलटी वाट धरली : अंतरच इतके कमी की जवळ आणणे हीच संमती. नोकिया, फिलिप्स आणि सोनी यांनी २००४ मध्ये त्याचा फोरम स्थापला. १३.५६ मेगाहर्ट्झ, पल्ला सुमारे ४ सेंटीमीटर. आयफोनचा अँटेना वरच्या कडेला, बहुतेक अँड्रॉइडचा पाठीच्या वरच्या किंवा मधल्या भागात. धातूचे कव्हर असेल तर काढावे.

मोठ्या फाइलींसाठी २०१० मध्ये वायफाय डायरेक्ट, म्हणजे राउटरविना दोन यंत्रांची थेट वायफाय जोडणी, आले. थेट वायफायने फाइली पाठवणारी शेअरइट आणि झेंडर ही लोकप्रिय अ‍ॅप जून २०२० मध्ये भारतात बंद झाली. त्याच वर्षी गूगलने निअरबाय शेअर आणले, २०२४ पासून त्याचे नाव क्विक शेअर. आयफोनचे एअरड्रॉपही त्याच जातीचे. ब्लूटूथ फक्त शोधून देते, ओझे वायफाय वाहते. म्हणून दोन्ही चालू हवेत. अँड्रॉइडवरून नुसत्या ब्लूटूथने आयफोनला फोटो पाठवायला बसू नये, आयफोन तशा फाइली घेतच नाही. आणि कोणालाही फाइल पाठवू देणारा ‘एव्हरीवन’ हा पर्याय कामापुरताच ठेवावा. आयफोन तो दहा मिनिटांनी स्वतःच बंद करतो.