परिविक्षा अधिकाऱ्याची पात्रता : पदवी कायद्याची, काम गावातले

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाच्या घरची चौकशी करून बाल न्याय मंडळाला अहवाल देतो तो परिविक्षा अधिकारी. ग्रामीण भागातील परिविक्षा अधिकाऱ्यासाठी कायद्यात वेगळी पात्रता नाही. कायदा मोजतो तो जिल्हा. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातले करवीर आणि चंदगड हे तालुके एकाच मापात बसतात. मंडळ कोल्हापुरात भरते आणि चंदगड तिथून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, याने नियमांना फरक पडत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा १९२४ चा, परिविक्षेचा १९३८ चा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले आणि जिल्हा मुंबई राज्याच्या कायद्यांखाली आला. पुढे १९५८ चा केंद्रीय अपराधी परिविक्षा अधिनियम आला. त्याच्या कलम १३ ने परिविक्षा अधिकारी होण्याच्या तीन वाटा ठेवल्या : सरकारने नेमलेला किंवा मान्य केलेला, मान्यताप्राप्त संस्थेने पुरवलेला, आणि अपवाद म्हणून न्यायालयाला योग्य वाटेल ती व्यक्ती. शिक्षण किती असावे, याबद्दल या कलमात अवाक्षर नाही. नेमणुकीच्या अटी राज्याने नियमांत ठरवायच्या होत्या. व्यवहारात या कामाकडे वळली ती बहुतेक समाजकार्य शिकलेली माणसे.

खरा ताण सुरू झाला २००१ पासून. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळापर्यंतच ‘बाल’ होता, २००० च्या कायद्याने तो अठरापर्यंत नेला. सोळा ते अठराची पोरे, म्हणजे शाळा सोडून कामाला लागलेली, मोटारसायकल हाती आलेली, मंडळापुढे येऊ लागली. व्याख्या मात्र जुनीच राहिली : परिविक्षा अधिकारी म्हणजे १९५८ च्या कायद्याखाली नेमलेला.

वाद आहे तो २००९ च्या निर्णयाचा. त्या वर्षी केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना आली आणि प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात एक नवे पद निर्माण झाले : विधी तथा परिविक्षा अधिकारी. जिल्ह्याला एक, तेही कंत्राटी. पात्रता कायद्याची पदवी आणि अनुभव. म्हणजे समाजकार्यात एम. ए. किंवा एम. एस. डब्ल्यू. झालेली, वस्त्यांवर वर्षानुवर्षे फिरलेली व्यक्ती या पदासाठी अर्जही करू शकत नाही आणि एलएलबी झालेला करू शकतो.

या निर्णयाला आधार नव्हता असे नाही. वय ठरवण्याचा वाद, जामीन, मंडळापुढची तारीख, यांत कायद्याची जाण हवीच. पैशांचाही हिशोब असणार, दोन कामांना एक पगार. पण या पदाचे मुख्य काम युक्तिवादाचे नाही, चौकशीचे आहे. सामाजिक तपासणी अहवालाचा नमुना पाहावा. घरातल्या माणसांचे आपसांतले संबंध कसे, याला तीन पर्याय : सलोख्याचे, बिनसलेले, माहीत नाही. शाळा का सुटली, मित्र कोण, सवयी काय. मंडळाच्या व्हरांड्यात, रोजगार बुडवून आलेल्या बापाला दहा मिनिटे विचारून अहवाल भरला, तर तिसऱ्या पर्यायावरच खूण पडते.

गळीत हंगामात हे आणखी अवघड होते. शिरोळ-हातकणंगल्याच्या उसाच्या फडात तोडणीची टोळी मराठवाड्यातून आलेली असते. मुलाचे घर म्हणजे फडाशेजारची खोप, आणि ‘कायमचा पत्ता’ बीडकडचा. बापाला काही विचारले तर उत्तर मुकादम देतो, कारण उचल त्याच्याकडून घेतलेली. बापाला बाजूला कसे घ्यायचे, आईशी कुठे बोलायचे, शेजारच्या खोपीत काय विचारायचे, हे कायद्याच्या अभ्यासक्रमात नाही. समाजकार्याच्या क्षेत्रकार्यात ते शिकवले जाते, निदान शिकवायला हवे. त्यात अहवालाची मुदत पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांची. टोळीने फड बदलला की सगळेच हुकते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने हा गुंता सोडवला नाही, व्याख्येत घालून पक्का केला. कलम २(४८) प्रमाणे परिविक्षा अधिकारी म्हणजे १९५८ च्या कायद्याखाली नेमलेला, किंवा बाल संरक्षण कक्षातला विधी तथा परिविक्षा अधिकारी. एकाच नावाखाली दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसे. शिवाय कलम ८ ची पळवाट : परिविक्षा अधिकारी उपलब्ध नसेल तर बाल कल्याण अधिकारी किंवा समाजसेवकाने चौकशी करावी. दूरच्या तालुक्यांसाठी हा अपवाद किती सोयीचा, हे वेगळे सांगायला नको. आणि गंमत अशी, की कायद्याची पदवी नसलेला समाजसेवक कक्षातल्या पदासाठी अपात्र, बदली माणूस म्हणून चालतो.

अहवालाचे वजन याच कायद्याने वाढवलेही. सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढ म्हणून चालवायचे का, याचे प्राथमिक मूल्यांकन मंडळ करते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकाराची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे. मूल्यांकन करणाऱ्याच्या पात्रतेची एवढी काळजी झाली. ज्याच्या चौकशीतून मुलाचे घर मंडळाला दिसते, त्याचा विचार त्यात आला नाही.

त्याच वर्षी जुन्या योजनेच्या जागी मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचना आल्या. पद तेच, एलएलबीची अट तीच, अनुभव किमान २ वर्षे. स्थानिक भाषेचा किंवा क्षेत्रकार्याचा पदवीइतका आग्रह याही वेळी धरला गेला नाही. चंदगडची बोली कोकणीकडे झुकते, गडहिंग्लजच्या पलीकडे कन्नड सुरू होते. इकडे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी सुरू झाले आहे. दोन वर्षे अनुभवाच्या तरुण वकिलाला आता दारातच उच्च न्यायालयाची वकिली आहे, आणि कंत्राटी परिविक्षा पदासाठी उमेदवार त्याच वकिलांतून शोधायचा आहे.