मुलांच्या मेंदूतील गाठ आणि ऑपरेशननंतरचा संसर्ग : लिस्टरपासून शंटपर्यंत

१८७९ मध्ये ग्लासगोत विल्यम मॅकेवेन यांनी १४ वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली. जंतू मारण्याची जोसेफ लिस्टर यांची पद्धत त्यांनी कसोशीने पाळली होती. मुलगी आणखी ८ वर्षं जगली. १८८४ मध्ये लंडनला लिस्टर यांचेच भाचे रिकमन गॉडली यांनी एका तरुणाच्या मेंदूतली गाठ काढली. गाठ निघाली, पण महिन्याभरात तो संसर्गाने दगावला.

पुढे उकळलेली हत्यारं, रबरी हातमोजे आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं. मृत्यू कमी झाले. मुलांच्या बाबतीत मात्र एक अडचण उरलीच. त्यांच्या बऱ्याच गाठी डोक्याच्या मागच्या भागात, लहान मेंदूजवळ वाढतात आणि मेंदूतल्या पाण्याची वाट अडवतात. ऑपरेशननंतर या पाण्याचा दाब टाक्यांवर येतो. सकाळी उशी ओली दिसली, मानेमागे फुगवटा आला, तर ते पाणी गळत असू शकतं, आणि जिथून पाणी बाहेर येतं तिथूनच जंतू आत शिरतात. अशा वेळी डॉक्टरांना लगेच कळवावं.

मेंदूत तुंबलेलं पाणी शरीरात दुसरीकडे, तेव्हा बहुधा हृदयाकडे आणि पुढे पोटात, उतरवणारी शंटची नळी १९५० च्या दशकात रुळली. तिची सिलिकॉनची झडप जॉन होल्टर या तंत्रज्ञाने घडवली, स्वतःच्या आजारी मुलासाठी धडपडताना. तिने असंख्य मुलं वाचवली, पण संसर्गाला नवी जागाही दिली. आता जंतू बहुधा मुलाच्या स्वतःच्या त्वचेवरचेच असतात. ते नळीला चिकटून चिकट थर धरतात. औषध त्या थरात पुरेसं पोचत नाही, म्हणून बऱ्याचदा नळीच काढावी लागते. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या १,६०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले : साध्या नळीत संसर्ग सुमारे ६ टक्के, अँटिबायोटिक भिनवलेल्या नळीत २ टक्के. माझ्या मते या क्षेत्रातली ही गेल्या काही दशकांतली सर्वांत दिलासा देणारी बातमी आहे.

संसर्गाचं निदान मात्र अजूनही अवघडच आहे. आत सांडलेल्या रक्तानेही ताप येतो, आणि १९६० च्या दशकापासून सूज उतरवण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइड्स खरा ताप झाकतात, जखम भरणंही लांबवतात. म्हणून डॉक्टर मेंदूभोवतीचं पाणी तपासायला घेतात. कॅन्सरच्या गाठीत निदानाची घाई आणखी वाढते, कारण रेडिएशन साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवं आणि संसर्ग झाला की ते पुढे ढकलावं लागतं.