चाक व टायर यांचा प्रमाणबदल (फोर्ड मॉडेल टी)

चाकाची धाव (रिम, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते कडे) आणि टायर यांच्या जुन्या मापांवरून नव्या मापांवर येताना आरंभीच्या मोटार कारखान्यांना जी जुळवाजुळव करावी लागली, तिचे सर्वांत बोलके उदाहरण फोर्ड मॉडेल टी (1908–27) या अमेरिकन गाडीचे आहे. या एकाच नमुन्याच्या सुमारे दीड कोटी गाड्या बनल्या. त्यामुळे कारखान्यात माप बदलले तरी रस्त्यावरच्या लाखो गाड्यांना जुने टायर मिळत राहणे भाग होते.

सुरुवातीच्या मॉडेल टीची चाके हिकरी लाकडाच्या आऱ्यांची असून त्यांवरची लोखंडी रिम निघत नसे. पुढचे टायर 30×3 इंच, तर मागचे 30×3½ इंच मापाचे होते. यातील पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा आणि दुसरा त्याच्या जाडीचा असे. जाडीची दुप्पट व्यासातून वजा केली की रिमचा व्यास मिळे, म्हणजे पुढे 24 इंच आणि मागे 23 इंच. परिणामी पुढचा टायर मागे चालत नसे आणि मालकाला दोन्ही मापे जवळ बाळगावी लागत.

हे टायर ‘क्लिंचर’ जातीचे होते. रिमच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असत, टायरचे जाड काठ त्यांत अडकवले जात आणि आतल्या हवेच्या रेट्यानेच ते जागच्या जागी राहत. म्हणून दर चौरस इंचाला 55–60 पौंड हवा ठेवावी लागे; ती उतरली की वळणावर टायर निसटण्याची किंवा ट्यूब चिमटून फाटण्याची भीती असे. पंक्चर झाल्यास रस्त्याच्या कडेला पट्ट्यांनी टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि हातपंपाने पुन्हा हवा भरायची, एवढाच मार्ग होता. याच अडचणीतून 1904 मध्ये वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून आवळून बसवायचे, हवा भरलेल्या टायरचे बिनआऱ्यांचे कडे काढले. तेथील स्टेपनी स्ट्रीटवरून त्याला मिळालेले नाव मराठीत ‘स्टेपनी’ म्हणून आजही रूढ आहे, फक्त आता ते अख्ख्या जादा चाकाला लावले जाते.

1919 मध्ये फोर्डने बोल्ट सोडून टायरसकट उतरवता येणारी रिम देऊ केली आणि अशा गाड्यांना चारही टायर 30×3½ मापाचे बसवले. ही निवड धूर्तपणाची होती. जुन्या गाडीचा मागचा टायरच नव्या गाडीचा सगळीकडचा टायर ठरला, त्यामुळे दुकानदाराला नवे माप साठवावे लागले नाही. मात्र स्वस्त उघड्या गाड्यांवर न निघणारी रिम त्यानंतरही काही वर्षे चालू राहिली आणि रिमचे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले. बाकी बाजारातील पसारा याहून मोठा होता: पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या युद्ध-उद्योग मंडळाने टायरचे 287 प्रकार आधी 32 वर आणि दोन वर्षांत 9 वर आणण्याचे ठरवले होते.

खरी उलथापालथ झाली ती फायरस्टोन या अमेरिकन टायर कंपनीने 1923 मध्ये बाजारात आणलेल्या ‘बलून’ टायरमुळे. हा टायर जाड असून जवळजवळ निम्म्या दाबावर चाले. इतक्या कमी हवेवर क्लिंचरची पकड भरवशाची नव्हती, म्हणून काठात तारेचे न ताणले जाणारे कडे असलेला सरळ बाजूचा टायर आणि त्याला साजेशी रिम यांची गरज पडली. फोर्डने 1925 मध्ये 29×4.40 मापाचा बलून टायर 21 इंची रिमवर पर्याय म्हणून दिला. येथे जुने गणित बिघडले: 29 मधून 8.80 वजा केल्यास 20.20 उरतात, 21 नव्हे. पुढे हेच माप 4.40-21 असे, म्हणजे आधी जाडी आणि मग रिमचा व्यास, लिहिले जाऊ लागले. बदल चाकापुरताही राहिला नाही. रुंद टायरमुळे गाडी वळवणे जड होई, म्हणून स्टिअरिंगच्या दात्यांचे प्रमाण 4:1 वरून 5:1 करण्यात आले आणि हातातले चक्र 17 इंचांचे झाले.

मॉडेल टीनंतरच्या मॉडेल ए गाडीला 1928 मध्ये तारेच्या आऱ्यांची 21 इंची चाके होती आणि 1930 मध्ये ती 19 इंचांवर आली. जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी 30×3½ मापाचे क्लिंचर टायर आजही बनवले जातात.