कोळशाच्या खाणीतले हवापाणी

पुणेकराला कोळसा ठाऊक असतो तो वखारीतला: लाकूड कोंडून जाळल्यावर उरणारा, इस्त्रीवाल्याच्या उपयोगाचा हलका लोणारी कोळसा, आणि जड, चकाकता दगडी कोळसा, जो लांबून कुठूनतरी येतो. तो पुण्याच्या जमिनीत सापडणे शक्य नाही, कारण आपल्या पायाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. महाराष्ट्रातला दगडी कोळसा आहे तो विदर्भात, चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांतल्या त्याहून कितीतरी जुन्या गाळाच्या खडकांमध्ये. अशा काळ्या पाषाणावर वाढलेला मी इंग्लंडच्या ईशान्येकडील डरॅम परगण्यात बीमिश येथले खुले संग्रहालय पाहायला गेलो, तेव्हा कोळसा आणि तो उचलण्याची यंत्रे पाहायला मिळतील एवढीच अपेक्षा होती. ती पुरी झाली. मात्र खाणकामगाराचे आयुष्य कोळशापेक्षा हवेने आणि पाण्याने ठरवले, हे तिथल्या आवारात फिरताना हळूहळू उमगले.

बीमिशला काचेच्या कपाटांचे दालन नाही. हेटन-ले-होल गावातली कामगारांची घरे उकलून इथे आणून पुन्हा रचली आहेत आणि शेजारच्या खाणीच्या आवारात 1855 साली बनवलेले, माणसांची व कोळशाची ने-आण करणारे वाफेचे उभे इंजिन आहे. जवळच महोगनी नावाचा तिरपा बोगदा आहे. तो या जागेवरचाच, एके काळी खरोखर वापरात असलेला बोगदा असून त्यात शिरस्त्राण घालून आणि कमरेत वाकून जावे लागते. काही पावलांतच पाठीला रग लागते आणि मार्गदर्शकाच्या बोलण्यावरचे लक्ष उडते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

मला सर्वांत अधिक रेंगाळावेसे वाटले ते दिव्यांच्या खोलीत. खाली उतरणारा कामगार दिवा घेई आणि आपल्या क्रमांकाचा बिल्ला मागे ठेवी. पाळी संपल्यावरही बिल्ला जागेवर दिसला, तर तो माणूस अजून खालीच आहे हे कळे. दिव्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर कोळशाच्या जन्मात आहे. दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा कोळसा होताना त्यांच्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांच्या रूपाने हळूहळू बाहेर पडतो. यातला बराचसा मिथेन बाहेर न जाता कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागांना चिकटून राहतो. कुदळीने कोळसा फोडला, की वरचा दाब हटतो आणि वायू मोकळा होतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असले, की एक ठिणगी स्फोटाला पुरते. याच परिसरातल्या फेलिंग खाणीत 25 मे 1812 रोजी अशाच स्फोटात 92 जणांचा बळी गेला.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1815 साली काढलेला उपाय इतका साधा होता, की तो आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही दिसतो. तिपाईवरची तारेची जाळी बर्नरच्या ज्योतीवर धरली, तर ज्योत जाळीखालीच अडते, कारण धातू उष्णता झपाट्याने पसरवतो आणि जाळीपलीकडचा वायू पेट घेण्याइतका तापत नाही. डेव्हींनी दिव्याची ज्योत अशाच बारीक जाळीने वेढली. वायू आत शिरे, आतच जळे. ज्वाला बाहेर येत नसे. शिवाय मिथेन असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढे आणि तिच्या उंचीवरून त्याचे प्रमाण ताडता येई, म्हणजे दिवा हाच मापकही झाला. जवळच्या किलिंगवर्थ खाणीतल्या जॉर्ज स्टीफन्सन यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे सुरक्षित दिवा बनवला होता आणि श्रेयावरून पुढे कडाक्याचा वाद झाला. मला त्या वादापेक्षा नंतरची गोष्ट अधिक अस्वस्थ करते: सुरक्षित दिवा आला म्हणून धोकादायक ठरवून सोडलेले थर पुन्हा खणायला घेतले गेले, आणि जाळी गंजली वा फाटली की तोच दिवा घातक ठरे.

वायू घालवायचा तर हवा खेळती हवी, आणि त्यासाठी जायची एक वाट व यायची दुसरी हवी. खर्च वाचवायला अनेक मालक एकच विहीर, म्हणजे खाणीत उतरायचा उभा खड्डा, खणून तिचे फळ्यांच्या पडद्याने दोन भाग करीत. ईशान्य इंग्लंडमधलीच न्यू हार्टलीची खाण अशीच होती. पुण्याच्या मेट्रोचे सिव्हिल कोर्ट स्थानक सुमारे 33 मीटर खोल आहे. हार्टलीची विहीर त्याच्या पाचपटींहून खोल होती. तिच्या तोंडावर पाणी उपसणारे प्रचंड इंजिन होते. 16 जानेवारी 1862 रोजी त्याची बिडाची तुळई मधोमध मोडली, तिचा अर्धा भाग विहिरीत कोसळला आणि लाकडी पडद्यासह सारे कोसळून एकुलती एक वाट बुजली. नेमकी पाळी बदलण्याची वेळ असल्याने दोन्ही पाळ्यांची माणसे खाली होती. एकूण 204 माणसे आणि मुले गेली. अडकलेल्यांपैकी बहुतेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने खाणींना किमान दोन वाटा असणे सक्तीचे केले.

आपल्या मेट्रोच्या बोगद्यांतही पंखे आणि पंप आहेतच, पण लाव्ह्याच्या पाषाणात कोळशासारखा मिथेन साठलेला नसतो, हे आपले मोठेच नशीब. पाणी मात्र तिथेही भेगांतून झिरपते, आणि बोअर घेतलेल्या कोणत्याही पुणेकराला ते सांगायची गरज नाही.

ईशान्य इंग्लंडच्या खाणी बंद झाल्या, तसे उपसा थांबलेले पाणी जुन्या बोगद्यांत चढू लागले. जमिनीच्या पोटातल्या उबेने ते बारा महिने कोमट राहते. न्यूकॅसलसमोरच्या गेट्सहेड शहरात ते आता सुमारे 150 मीटर खोल बोअरमधून वर आणतात, 6 मेगावॅटच्या उष्मापंपाने त्यातली ऊब काढून घेऊन इमारती तापवतात, आणि गार झालेले पाणी पुन्हा खाणीत सोडतात.