ओस्टरबॉटेन (फिनिश नाव : पोह्यानमा)

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील, बॉथनियाच्या आखाताला लागून असलेला द्विभाषिक प्रदेश. लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख. मुख्य शहर वासा. फिनलंडमध्ये स्वीडिश मातृभाषा असलेले लोक एकूण लोकसंख्येच्या ५ टक्क्यांच्या आसपास आहेत, पण या किनारपट्टीत ते जवळपास निम्मे भरतात. ऑलंड ही स्वायत्त बेटे वगळली, तर स्वीडिश भाषकांचा गट सर्वांत मोठा असलेला देशातला हा एकमेव प्रांत.

‘ओस्टरबॉटेन’ म्हणजे आखाताच्या पूर्वेकडचा प्रदेश. समोरच्या स्वीडिश काठावर ‘वेस्टरबॉटेन’ आहे. पाणी मध्ये ठेवून दोन्ही काठांना नावे दिलेली आहेत आणि १८०९ पर्यंत दोन्ही काठ स्वीडनच्याच राज्यात होते. फिनिश ‘पोह्यानमा’ मधल्या ‘पोह्या’चे अर्थ दोन : तळ आणि उत्तर दिशा. जुना ऐतिहासिक ओस्टरबॉटेन आजच्यापेक्षा खूप मोठा, उत्तरेकडे दूरवर पसरलेला होता. आजचा प्रांत म्हणजे त्याची किनाऱ्यालगतची अरुंद पट्टी, चौदा नगरपालिका आणि ग्रामपालिकांची.

वर येणारी जमीन

या प्रदेशाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य नकाशा एकदा पाहून कळत नाही, कारण नकाशाच जुना होत जातो. हिमयुगात इथे काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या वजनाने भूकवच शेकडो मीटर खाली दबले. बर्फ वितळून दहा हजार वर्षे होत आली तरी ते अजून वर उचलले जात आहे. वासाच्या परिसरात हा वेग वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर आहे. शंभर वर्षांत माणसाच्या कमरेएवढी उंची. हवामानबदलामुळे वाढणारी समुद्रपातळी त्यातला काही भाग खाऊन टाकते, तरी जमीनच अजून पुढे आहे.

समोरच्या स्वीडिश बाजूला ‘उंच किनारा’ आहे. तिथे डोंगर उभे असल्याने जुन्या किनाऱ्याच्या खुणा आजच्या समुद्रापासून सुमारे २८५ मीटर उंचीवर सापडतात. फिनिश बाजू मात्र अगदी सपाट आणि समुद्र उथळ. त्यामुळे काही मिलिमीटरची उचल झाली तरी पाणी आडवे कित्येक पावले मागे सरते. वासासमोरच्या क्वार्केन द्वीपसमूहात दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते. या द्वीपसमूहात ५,६०० च्या आसपास बेटे आहेत, आणि हा आकडाही कायमचा नाही : नवी बेटे डोके वर काढतात, जुनी एकमेकांना जोडली जाऊन संपतात. युनेस्कोने उंच किनाऱ्याला २००० मध्ये जागतिक वारसा ठरवले आणि २००६ मध्ये क्वार्केनची त्यात भर घातली. फिनलंडमधले निसर्गासाठी निवडलेले हे एकमेव वारसास्थळ. त्यात धबधबा नाही, शिखर नाही. दगडगोट्यांचे लांबट बांध समांतर रांगांनी पाण्यात उतरत गेलेले दिसतात, एखाद्या शेतातल्या सरी-वरंब्यासारखे. मागे हटणाऱ्या हिमनदीच्या कडेला ते साचले. गेरार्ड द येर या स्वीडिश भूवैज्ञानिकाच्या नावाने ते ओळखले जातात.

समुद्राचे तळे होण्याच्या क्रियेला स्थानिक स्वीडिशमध्ये टप्प्याटप्प्याची नावे आहेत. तोंड उथळ होऊन समुद्रापासून तुटू लागलेली खाडी म्हणजे ‘फ्लादा’. वादळात समुद्र चढला तरच खारे पाणी आत येते अशी अवस्था झाली की ती ‘ग्लो’. नंतर गोडे तळे, दलदल, मग रान. आखाताचे पाणी मुळातच मचूळ असल्याने पाइक आणि पर्च हे गोड्या पाण्याचे मासे समुद्री हेरिंगच्या शेजारी राहतात आणि वसंतात अंडी घालायला या उबदार, उथळ फ्लादांमध्ये शिरतात.

आपल्याकडे धरणाचे पाणी ओसरले की गाळपेराची जमीन उघडी पडते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. इथली जमीन बुडत नाही, म्हणून ती कोणाची हा प्रश्न उरतो. किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक ठिकाणी गावातल्या जुन्या जमीनधारकांच्या सामाईक मालकीचे आहे. पाण्याखालून वर आलेली जमीनही त्याच समूहाची ठरते. परिणामी ज्याने पन्नास वर्षांपूर्वी अगदी पाण्याच्या काठावर उन्हाळी घर बांधले, त्याच्या अंगणापुढे आज दुसऱ्याची पट्टी आलेली असते आणि ती हवी तर विकत घ्यावी लागते. नौकाघरे पुढे सरकवावी लागतात, बंदरांचे मार्ग पुन्हा पुन्हा खोदावे लागतात.

या उपकारात एक विषारी भागही आहे. समुद्रतळाच्या चिकणमातीत गंधकाची संयुगे असतात. शेतीसाठी चर खणून पाणी काढले की त्यांना हवा लागते, आम्ल तयार होते आणि मुसळधार पावसात ते नद्यांत उतरून मासे मरतात. इथली सुपीक सपाटी आणि इथल्या नद्यांचे दुखणे एकाच मातीतून आले आहे.

नावांतले पाणी

गावांची नावे जुना समुद्र धरून बसली आहेत. ‘होल्म’ म्हणजे लहान बेट. वासाला वेढून असलेल्या कोर्सहोल्म पालिकेचे नाव एका मध्ययुगीन किल्ल्यावरून आले. तो उभारला तेव्हा ती जागा पाण्याने वेढलेली होती, आज चहूकडे जमीन आहे. मालाक्स हे स्वीडिश बहुसंख्य गाव. पण त्यातले ‘लाक्स’ हे फिनिश ‘लाह्ती’चे, म्हणजे खाडीचे, स्वीडिश जिभेवरचे रूप. मध्ययुगात समुद्रापलीकडून स्वीडिश वसाहतवाले या काठावर आले. असे एकेक नाव सांगते की त्यांच्या कानावर इथली फिनिश नावे आधीच पडली होती. माझ्या मते या प्रदेशात ‘आधी कोण’ हा वाद घालणाऱ्यांनी प्रथम गावांच्या पाट्या वाचाव्यात.

काही जागांना दोन नावे आहेत आणि दोन्हींची कथा वेगळी. याकोबस्ताद हे शहर १६५२ मध्ये एब्बा ब्राहे यांनी वसवले आणि दिवंगत पती, सेनानी याकोब द ला गार्डी, यांचे नाव त्याला दिले. फिनिशमध्ये तेच शहर पिएतारसारी, म्हणजे ‘पीटरचे बेट’. हे नाव त्याहून जुन्या पेडरसोरे या चर्च-परगण्याकडून (पॅरिश) आलेले. फिनलंडचे राष्ट्रकवी योहान लुडविग रुनेबेरी इथे १८०४ मध्ये जन्मले. राष्ट्रगीताचे शब्द त्यांचे, मूळ स्वीडिशमधले. शेजारच्या न्यूकार्लेबीत १८१८ मध्ये साकारियास टोपेलियस जन्मले; तेही स्वीडिशमध्ये लिहीत. फिनिश राष्ट्रभावनेला शब्द देणारे दोन लेखक या स्वीडिश भाषक किनाऱ्याचे, ही गोष्ट इथले लोक अभिमानाने सांगतात आणि त्यांनी ती सांगावीच.

वासा आणि सरकलेले शहर

वासा १६०६ मध्ये नववा कार्ल या राजाच्या काळात स्थापन झाले, नाव राजघराण्याचे. किनारा मागे सरत गेल्याने बंदर गाळाने भरत चालले होते. १८५२ च्या आगीत शहर जवळपास पूर्ण जळाले. तेव्हा ते जुन्या जागी न उभारता सुमारे सात किलोमीटर पुढे, समुद्राजवळ, आखून बांधले गेले. रस्ते मुद्दाम रुंद ठेवले आणि मध्ये झाडांच्या रांगा लावल्या, पुन्हा आग पसरू नये म्हणून. फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली असताना, १८५५ ते १९१७ पर्यंत, त्याचे अधिकृत नाव निकोलाईस्ताद होते. १९१८ च्या यादवी युद्धात हेल्सिंकी लाल सैन्याच्या हाती असताना सिनेटचे सरकार वासातून चालले. आज शहराची ओळख ऊर्जा उद्योगासाठी आहे. वार्टसिलाची जहाजी इंजिने इथे बनतात. समोरच्या उमेओला फेरीबोट जाते. पूर्वी हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरूनच टपाल जाई, आणि मार्च १८०९ मध्ये बार्क्ले द तोली यांचे रशियन सैन्य याच बर्फावरून चालत स्वीडनमध्ये उतरले. वासा आणि उमेओमधल्या या सामुद्रधुनीचे फिनिश नाव ‘मेरेनकुर्क्कू’, म्हणजे समुद्राचा गळा. जमीन अशीच वर येत राहिली तर सुमारे दोन हजार वर्षांनी इथे दोन्ही देश जमिनीने जोडले जातील असा अंदाज आहे.

भाषेचा हिशेब

फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही फिनलंडच्या राष्ट्रभाषा आहेत. एखादी पालिका एकभाषिक की द्विभाषिक हे भावनेने ठरत नाही, मोजणीने ठरते. अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण ८ टक्के किंवा संख्या ३,००० झाली की पालिका द्विभाषिक होते. दोन्ही अटी सुटून प्रमाण ६ टक्क्यांखाली घसरले तरच तो दर्जा जाऊ शकतो. सरकार ही मोजणी दर दहा वर्षांनी पाहते. या प्रांतातली लाइहिया तेवढी एकभाषिक फिनिश आहे. नॅर्पेस, कोर्सनॅस आणि लार्स्मो पूर्वी केवळ स्वीडिश होत्या. आता त्याही द्विभाषिक आहेत.

रस्त्यावर हा हिशेब डोळ्यांना दिसतो. पाटीवर बहुसंख्यांची भाषा वर असते. वासा शहरात फिनिश भाषक जास्त, म्हणून फिनिश नाव वर. शहराची हद्द ओलांडून कोर्सहोल्ममध्ये शिरलात की स्वीडिश वर आणि फिनिश खाली. वासात शंभर वर्षांपूर्वी चित्र उलटे होते. या पाट्यांमागची भीती २०१९ मध्ये दिसली. दोन्ही पालिका एक करण्याचा प्रस्ताव होता. कोर्सहोल्मच्या सार्वमतात बहुसंख्यांनी तो नाकारला, पालिका सभेनेही फेटाळला. करांचे आणि शाळांचे प्रश्न होतेच, पण विलीन शहरात स्वीडिश खालच्या ओळीत जाईल ही जाणीव कोणालाच विसरता आली नाही. आधी २०१३ मध्ये वॅहॅकूरो हे गाव वासात सामील झाले. मध्ये कोर्सहोल्म असल्यामुळे शहराचा हा तुकडा आजही अलग पडलेला आहे.

द्विभाषिक प्रदेश म्हटले की प्रत्येक माणूस दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलतो असे बाहेरच्यांना वाटते. इथे तसे नाही. शाळा वेगळ्या, बालवाड्या वेगळ्या, वृत्तपत्रे वेगळी : स्वीडिशमध्ये १८५६ पासूनचे ‘वासाब्लादेत’, फिनिशमध्ये ‘पोह्यालाइनेन’. वासा विद्यापीठ फिनिश, तर शहरातली ओबो आकादेमी या विद्यापीठाची शाखा स्वीडिश माध्यमातून शिक्षक घडवते. हेल्सिंकीतला स्वीडिश भाषक फिनिशवाचून दिवस काढू शकत नाही. ओस्टरबॉटेनच्या दक्षिण टोकाच्या खेड्यात तो आयुष्य काढू शकतो. याच कारणाने दवाखान्यात आपल्या भाषेत बोलता येणे हा इथे सोयीचा मुद्दा राहत नाही. दुखणे नेमके कुठे आणि कसे, हे म्हाताऱ्या माणसाला परक्या भाषेत सांगता येत नाही.

इथल्या लोकांची स्वीडिशही स्टॉकहोमची नव्हे. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे त्याहून कमी अंतर पुरते. जुन्या नॉर्डिक भाषेतले जोडस्वर स्वीडनमध्ये बहुतांशी झिजून गेले, इथल्या बोलींत टिकले. दगडाला प्रमाण स्वीडिशमध्ये ‘स्तेन’, इथे ‘स्तेइन’. नॅर्पेसची बोली तर स्वीडनच्या पाहुण्याला जवळपास कळतच नाही. हे लोक स्वतःला स्वीडिश म्हणवत नाहीत. ते ‘फिनलांदस्वेन्स्क’ आहेत : देश फिनलंड, भाषा स्वीडिश, आणि त्याआधी बहुधा आपले गाव.

स्थलांतर आणि एक रकाना

सतराव्या-अठराव्या शतकांत हा किनारा डांबराच्या पिंपांवर आणि लाकडी जहाजांवर जगला. जहाजबांधणीचे कसब याकोबस्तादच्या शिडाच्या नौकांमध्ये टिकून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो लोक अमेरिकेला गेले, १९५० नंतर स्वीडनला. तिथे भाषेची अडचण नव्हती, म्हणून इथून माणसे सहज ओघळली.

आता ओघ उलटा आहे. नॅर्पेसच्या काचघरांमध्ये फिनलंडच्या टोमॅटोंपैकी निम्म्याहून अधिक पिकतात आणि तिथे बोस्निया व व्हिएतनाममधून आलेली कुटुंबे काम करतात. ती स्वीडिश शिकतात, कारण गावात तीच चालते. त्यांची मुले अंगणात नॅर्पेसच्या बोलीत भांडतात. लोकसंख्या नोंदवहीत मात्र माणसामागे मातृभाषेचा रकाना एकच. फिनिश आई आणि स्वीडिश वडील असलेल्या मुलासाठी घरात बसून एक भाषा निवडावी लागते, आणि पालिकेच्या पुढच्या मोजणीत ते मूल त्याच बाजूला धरले जाते.