नीलवंत (राणी पाकोळी)

पश्चिम घाटातील दमट जंगलांत आढळणारे, काळ्या-निळ्या पंखांचे मोठे फुलपाखरू. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. ते दक्षिण भारतात व श्रीलंकेत आढळते, तर महाराष्ट्रात कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात सर्रास दिसते. 2015 साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा निर्णय घेणारे हे देशातले पहिले राज्य होय.

पंखविस्तार 120 ते 150 मिमी असतो. पुढचे पंख मखमली काळे असून त्यांवर निळसर पट्टे असतात, तर मागच्या पंखांचा बाहेरचा मोठा भाग फिकट निळा असून त्यावर काळे ठिपके असतात. मादीचा रंग काहीसा फिका असतो. पंख मिटल्यावर बुडाशी गडद लाल ठिपके दिसतात. इंग्रजीतील ‘ब्लू मॉर्मन’ हे नाव मात्र त्याला फारसे शोभत नाही : एकाच जातीत अनेक रूपांच्या माद्या असलेल्या एका नातेवाईक फुलपाखरावरून, बहुपत्नीकत्वाला उद्देशून ‘मॉर्मन’ (पूर्वी ही प्रथा असलेला अमेरिकेतील एक ख्रिस्ती पंथ) हा शब्द आला, आणि नीलवंताच्या माद्यांत तशी वेगवेगळी रूपे नाहीत.

अंडी घालण्यापूर्वी मादी पुढच्या पायांनी पानावर टकटक करते आणि पायांवरील रुचिसंवेदकांनी झाड पारखते. माकडलिंबू, पपनस, लिंबू अशा लिंबू कुळातील झाडांवर ती एकेक अंडे घालते. लहान सुरवंट पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावरच बसतो, पण काळपट-पांढऱ्या रंगामुळे तो पक्ष्याची वाळलेली विष्ठाच वाटतो. मोठा झाल्यावर तो हिरवा होतो आणि त्याच्या फुगीर छातीवर डोळ्यांसारखे ठिपके उमटतात. खरे डोके त्याखाली दडलेले असते. तरीही कोणी डिवचलेच, तर डोक्यामागून दुभंगलेले मांसल शिंग बाहेर येते व उग्र वास सुटतो. कोष शेपटीकडून फांदीला चिकटलेला असून कमरेभोवतीच्या रेशमी धाग्याने तोललेला असतो.

नराचे उडणे वेगवान व नागमोडी असते. जंगलातील पायवाटांवर तो घिरट्या घालतो, आणि ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर उतरून पंख थरथरवत सोंडेने पाणी शोषतो. यातून त्याला सोडियमसारखे क्षार मिळतात. मध मुख्यतः एक्झोरासारख्या फुलांतून घेतला जातो. पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत हे फुलपाखरू सर्वाधिक दिसते. लिंबाचे झाड असेल तर शहरातल्या बागेतही ते अंडी घालायला येते.